शेअर एकच, भावही एकच. तरी पी/ई कधी ६, कधी २०! तेल कंपन्यांचं हे गणित काय आहे?

वाळूज एमआयडीसीत शिफ्टला जाणारा कामगार शंभरी पार केलेलं पेट्रोल बाइकमध्ये भरतो. आता मोबाइलवरून तो त्याच पेट्रोल कंपनीचा शेअरही घेऊ शकतो. 'पी/ई फक्त ६, म्हणजे शेअर स्वस्त' असं सांगणारे रील्सही त्याला दिसतात. पण तेल कंपन्यांच्या बाबतीत हा हिशेब फसवा ठरू शकतो.

पी/ई म्हणजे काय?

शेअरच्या भावाला प्रति शेअर वार्षिक नफ्याने भागलं की पी/ई मिळतो. भाव ४०० रुपये आणि नफा ४० रुपये असेल, तर पी/ई १०. म्हणजे १ रुपया नफ्यासाठी बाजार १० रुपये मोजतोय.

मग अडचण कुठे आहे?

मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान पेट्रोलियमचे, म्हणजे एचपीसीएलचे आकडे पाहा. २०२२-२३ मध्ये कंपनीला ८,९७४ कोटींचा तोटा झाला. २०२३-२४ मध्ये १४,६९४ कोटींचा नफा झाला. २०२४-२५ मध्ये तो ७,३६५ कोटींवर आला.

कंपनीचे सुमारे २१३ कोटी शेअर्स आहेत. भाव ४०० रुपये धरला, तर २०२३-२४ च्या नफ्यावर पी/ई साधारण ६ येतो. २०२४-२५ च्या नफ्यावर १२. तिन्ही वर्षांची सरासरी काढली, तर जवळपास २०! आणि तोट्याच्या वर्षात पी/ईला अर्थच उरत नाही.

नफा एवढा का हलतो?

युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये कच्चं तेल बॅरलमागे १०० डॉलरच्या वर गेलं. पण एप्रिल २०२२ पासून कंपन्यांनी पंपावरचे दर वाढवले नाहीत. तोटा त्यांनी सोसला. पुढे कच्चं तेल उतरलं, पण मार्च २०२४ मधल्या २ रुपयांच्या कपातीपर्यंत कंपन्यांनी दर तसेच ठेवले. मग नफा उसळला. २०२४-२५ मध्ये रिफायनिंगचं मार्जिन घटलं आणि घरगुती गॅस तोट्यात विकावा लागला.

कागदोपत्री दर कंपन्या ठरवतात. पण एचपीसीएल, बीपीसीएल आणि इंडियन ऑइल या तिन्हींवर सरकारचं नियंत्रण आहे. त्यामुळे महागाई आणि निवडणुकीची सावली नफ्यावर पडते. ओएनजीसीचं मात्र उलट आहे. ती जमिनीतून तेल काढते, त्यामुळे कच्चं तेल महागलं की सहसा तिचा फायदा होतो.

मग काय पाहायचं?

एका वर्षाऐवजी पाच-सात वर्षांचा सरासरी नफा पाहावा. कर्ज किती आहे, पुस्तकी मूल्याच्या किती पट भाव आहे, हेही तपासावं. चढ-उताराच्या धंद्यात पी/ई सर्वात कमी दिसतो तो बहुतेकदा नफा शिखरावर असताना. तिथून नफा घसरला, की 'स्वस्त' वाटलेला शेअर महाग पडतो.

पंपावरचा दर स्थिर दिसला, म्हणून कंपनीचा नफाही स्थिर आहे असं समजू नये.