पंखा फिरताना दिसू द्या!

जुन्या विमानाच्या फोटोत त्याचा पंखा थांबलेला दाखवणं म्हणजे रंगात आलेल्या गायकाचा तोंड मिटलेला फोटो छापण्यासारखं आहे. माणूस तोच, पोशाख तोच, पण गाणं कुठाय? हे माझं स्पष्ट मत आहे. ते पटायला थिअरी ऑफ मशीन्स लागत नाही, शाळेतलं त्रैराशिक पुरतं.

एअर शोहून आलेले लोक फोटो दाखवतात, ते बघा. निळंशार आकाश, विमान एकदम शार्प, रिव्हेटसुद्धा मोजून घ्या. आणि पुढचा पंखा? जागच्या जागी खिळलेला! जणू इंजिन बंद पडलंय आणि विमान आता आपल्या डोक्यावर येतंय. जेट विमानाला हे चालून जातं, कारण त्याचं फिरणारं सगळं पोटात दडलेलं असतं. पंख्याच्या विमानाचं तसं नाही. त्याचा जीव पुढे, उघड्यावर फिरत असतो.

आता आकडे घेऊ. टायगर मॉथ हे दोन पात्यांच्या लाकडी पंख्याचं जुनं प्रशिक्षण विमान. त्याचा पंखा साधारण २००० आर.पी.एम.ने फिरतो असं धरा. म्हणजे सेकंदाला ३३ फेरे. शटर १/१००० सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं फक्त १२ अंश सरकतं. फोटोत पंखा थांबलेलाच दिसणार. १/१२५ ला तेच पातं ९६ अंश फिरतं आणि १/६० ला २०० अंश. पाती दोन असल्यामुळे १८० अंशांत पूर्ण चकती भरते. म्हणजे १/६० ला डोळ्याला दिसते तशी धूसर, गोल चकती फोटोत उतरते.

डकोटाचं गणित थोडं वेगळं. तिथे इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये गिअर आहे, इंजिनाच्या १६ फेऱ्यांमागे पंख्याचे ९. इंजिन २०५० आर.पी.एम.वर असेल तर पंखा ११५० च्या आसपास. १/१००० ला पातं जेमतेम ७ अंश हलतं. १/६० ला ११५ अंश, आणि पाती तीन असल्यामुळे चकती जवळपास पूर्ण! मशीन डिझाईनच्या पेपरातला गिअर रेशो इथे थेट फोटोत दिसतो. अजून काय पाहिजे?

मोबाईलवाल्यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, एकेक ओळ वाचत जातो. तोवर पंखा पुढे गेलेला असतो. मग फोटोत पाती केळ्यासारखी वाकडी, नाहीतर तुटून हवेत तरंगताना दिसतात. त्यात भर उन्हात मोबाईल आपणहून शटर वेगवान करतो. प्रो मोडमध्ये जाऊन शटर कमी करता येतं, पण १/६० ला फोटो पांढराफटक पडतो. त्यासाठी आय.एस.ओ. सगळ्यात खाली आणायचा आणि तरी भागलं नाही तर लेन्सपुढे एन.डी. फिल्टर धरायचा. उन्हात गॉगल घालतो ना, तसंच.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी आठवीत होतो, तेव्हा बेंगळुरूच्या मामांनी मला येलहंकाला एअरो इंडिया दाखवायला नेलं. आमच्या पूर्णेला विमान दिसतं ते आकाशात खूप उंचावर, पांढऱ्या रेघेसारखं. तिथे डकोटा समोर बघितलं आणि त्या दणकट इंजिनांचा आवाज छातीत बसला तो आजही आहे. शेजारी पिकल्या मिशांचे एक गृहस्थ भली मोठी लेन्स घेऊन विमानाबरोबर कमरेतून वळत होते. मामांनी विचारलं तेव्हा म्हणाले, दहातले नऊ फोटो हलतात, पण दहाव्यात विमान जिवंत असतं. माझ्या मताचं मूळ ते दहाव्या फोटोत आहे.

त्या डकोटाची कहाणीही माहीत असायला हवी. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला आपले जवान पहिल्यांदा उतरले ते डकोटा विमानांतून. हे विमान १९४४ सालचं. इंग्लंडमध्ये ते दुरुस्त झालं आणि राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा चालवायचे. २०१८ मध्ये ते उडत भारतात आलं. नाव 'परशुराम', आणि अंगावर नंबर व्ही.पी. ९०५, श्रीनगरच्या त्या मोहिमेतल्या विमानाचा. म्हणजे नंबर १९४७ चा, विमान दुसरं! फोटोखाली हे लिहिलं नाही तर पन्नास वर्षांनी कुणीतरी हेच ते श्रीनगरचं विमान म्हणून छापेल. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला दोन डॉर्नियरसोबत हेच डकोटा राजपथावरून गेलं. १९७१ च्या युद्धातल्या तंगाईलच्या पॅराड्रॉपला ती मानवंदना होती.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? म्युझियम आहेत की! जरूर जा. गोव्यात बोगमाळोला १९९८ पासून नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन, सगळी तिथे उभी आहेत. रचना समजून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही. पण उभं विमान म्हणजे वर्कशॉपमधला कटिंग मॉडेलचा इंजिन ब्लॉक. शिकायला उत्तम, पण त्याचा आवाज येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुनी विमानं उडवणं धोक्याचं असतं. १२ नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेत डॅलसच्या एअर शोमध्ये दुसऱ्या महायुद्धातली दोन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली आणि ६ जण गेले. धातू थकतो, सुटे भाग मिळत नाहीत, ती इंजिनं हाताळणारे हातही कमी होत जातात. उद्या कुणी म्हणालं की आता पुरे, जमिनीवर ठेवा, तर त्याला मी वेड्यात काढणार नाही. पण म्हणूनच आज जे उडतंय त्याचा उडतानाचा फोटो नीट हवा. ओझरला ज्याची निर्मिती झाली ते मिग-२१ सुद्धा २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप घेऊन गेलं.

आता तुम्ही म्हणाल, पूर्णेच्या पोराला विमानांचं एवढं काय पडलंय? तर ऐका. पूर्णा म्हणजे रेल्वेचं गाव. मनमाड-सिकंदराबाद लाईन आणि अकोल्याची लाईन इथे मिळते. एकेकाळी हे सगळं मीटरगेज होतं, वाफेची इंजिनं होती, लोको शेड होतं. माझे आजोबा त्याच इंजिनांवर फायरमन होते. नव्वदच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आलं, २००८ मध्ये अकोल्याचीही लाईन ब्रॉडगेज झाली आणि मीटरगेज संपलं. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या घरात लग्नांचे तीन अल्बम आहेत आणि आजोबांच्या इंजिनाचा एकही फोटो नाही! गल्लीतही विचारून बघितलं, कुणाकडेच नाही. रोज दारावरून जाणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढतो? परदेशातले हौशी लोक मात्र भारतातली वाफेची इंजिनं टिपायला मुद्दाम कॅमेरे घेऊन यायचे. आता आपलीच इंजिनं बघायची तर त्यांचे अल्बम चाळायचे. आजी सांगते, इंजिन चढावर लागलं की आवाजावरून कळायचं, आज कोळसा चांगला की वाईट. ते सगळं आजीबरोबर जाणार.

म्हणून सरावाला आत्ताच लागा. एअर शो वर्षातून एकदा, तोही लांब. सरावाला आपल्या गेटसमोरची एस.टी. आहे. गंमत म्हणजे ती डकोटापेक्षा अवघड! ताशी २५० किलोमीटरने ३०० मीटरवरून जाणारं विमान टिपायला सेकंदाला १३ अंश वळावं लागतं. ताशी ६० ने १० मीटरवरून जाणाऱ्या एस.टी.साठी तब्बल ९५ अंश! शटर १/१२५ पासून सुरू करा, पाय घट्ट रोवा, कमरेतून वळा, बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. एस.टी. शार्प आणि मागची टपरी पुसट आली की समजा जमलं. मग १/६० वर या. फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहा, मधे नको, नाहीतर वॉर्डन सर माझ्या नावाने शंख करतील.

आणि एक विनंती संपादक मंडळाला. दरवर्षीच्या अंकात दोन पानं चालू असलेल्या जुन्या यंत्रांना द्या. फोटो यंत्र चालू असतानाचा, आणि खाली चार ओळी: कुणी बनवलं, कोणत्या साली, नंबर काय, चालवतं कोण. सुरुवात आपल्या वर्कशॉपपासून करू. पट्ट्यावर चालणारा तो कोपऱ्यातला लेथ अजून फिरतो. तो भंगारात जायच्या आत लॅब असिस्टंट मामांना विचारून एक दुपार ठरवा. कॅमेरा मी आणतो, शटर १/६०.