नांगरटीची चिठ्ठी दोन रकान्यांत लिहा



मांडवगण फराट्याच्या गेल्या बैठकीत भांडण झाले. एका बाजूला माळावर पाच एकर ज्वारी करणारा शेतकरी, दुसऱ्या बाजूला त्याच्याच भावकीतला ट्रॅक्टरवाला. शेतकरी म्हणाला, "डिझेल चढलं की आठ दिवसांत तुझा एकरी दर चढतो. उतरलं की तुला ऐकू येत नाही." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "डिझेल मी रोखीनं आणतो. तू पैसे सुगी झाल्यावर देतोस, तेही चार हेलपाटे मारल्यावर." दोघेही खरे बोलत होते. या भांडणातला तिसरा माणूस मात्र बैठकीला आलाच नव्हता. तो दिल्ली-मुंबईत बसतो आणि दोघांच्याही खिशातून कर काढून घेतो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी बंधनातून मोकळा झाला. खुल्या भावाला आमचा विरोध नाही. आमच्या कापसाला, ज्वारीला खुला बाजार मागणाऱ्यांनी तेलाला बंदिस्त बाजार कोणत्या तोंडाने मागावा? पण चढताना खुला आणि उतरताना कुलूपबंद, याला काही खुला भाव म्हणत नाहीत. भाव मोकळा झाला आणि जगात कच्चे तेल कोसळू लागले. ही स्वस्ताई आमच्या टाकीपर्यंत यायला हवी होती. केंद्राने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात नऊ वेळा अबकारी कर वाढवला. डिझेलवर लिटरमागे १३ रुपये ४७ पैसे. राज्यही मागे राहिले नाही. ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये जादा बसवले. दुष्काळ आमच्या माळावर, आणि दुष्काळाचा निधी आमच्याच ट्रॅक्टरच्या टाकीतून!

२०२० सालचे आठवा. २० एप्रिलला अमेरिकेच्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा सौदा शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने डिझेलवर एका फटक्यात १३ रुपये कर वाढवला. तेव्हा पंपावरचा भाव हलला नाही, म्हणून कुणी हूं की चूं केले नाही. मग ७ जूनला, ऐन मृगाच्या तोंडाला, रोजची वाढ सुरू झाली. जूनअखेर दिल्लीत डिझेल लिटरला सुमारे ११ रुपयांनी चढलेले होते. तिफण धरायची, सरकी टोबायची की पंपावरचा आकडा बघायचा?

रोज सकाळी ६ वाजता भाव बदलायची पद्धत देशभर १६ जून २०१७ पासून आली. पण हा रोजचा भाव निवडणुकीत झोपी जातो. ४ नोव्हेंबर २०२१ नंतर साडेचार महिने तो जागचा हलला नाही. १० मार्च २०२२ ला पाच राज्यांचे निकाल लागले आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत लिटरला १० रुपये चढले. युद्ध युक्रेनमध्ये फेब्रुवारीतच पेटले होते. पंपाला ते निकालानंतर कळले.

आता शेतीच्या नावाचा उपकर. फेब्रुवारी २०२१ पासून डिझेलवर लिटरला ४ रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला. दुसरे कर तेवढेच कमी केल्याने पंपावर फरक दिसला नाही. मूळ अबकारीत राज्यांचा वाटा असतो, उपकरात नसतो, एवढाच बदल झाला. नांगरटीला जमिनीप्रमाणे एकरी ८ ते १० लिटर डिझेल जाते. ९ धरा. म्हणजे शेतीच्या भल्यासाठी आम्ही एकरी ३६ रुपये भरतो, तेही आमचीच जमीन नांगरताना. एप्रिल २०२५ मध्ये २ रुपये वाढवून केंद्राचा कर १७ रुपये ८० पैसे झाला. त्या हिशोबाने एकरी १६० रुपये एकट्या केंद्राचे. राज्याचा व्हॅट या करासकटच्या रकमेवर, म्हणजे करावर कर. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायचा रस्ता घटनेत २०१६ सालीच ठेवला आहे. तारीख काही ठरत नाही.

कोकणातल्या मच्छीमार संस्थांच्या यांत्रिक नौकांना राज्य व्हॅटचा परतावा देते. तो किती काळ रखडतो, हे त्यांना विचारा. आम्हाला अर्ज-दाखले-परतावा हा खेळ नको. कर मुळातच कमी करा, सुरुवात त्या ४ रुपयांपासून करा.

पण सरकार ऐकेपर्यंत आपल्या हातात काय? रात्री दर वाढणार असे ऐकून मोटारसायकलवर कॅन बांधून पळणारे आम्ही पाहतो. ५० पैशांच्या वाढीत चाळीस लिटरला २० रुपये वाचतात आणि जाण्यायेण्यात तेवढेच पेट्रोल जळते. कृषी पदवीच्या वर्गात आम्हाला फाळाचा कोन शिकवला, हा हिशोब नाही शिकवला. फाळ बोथट असेल तर डिझेल जास्त जाते, हे मात्र खरे. ज्वारी निघाल्यावर ओल आहे तोवर नांगरा, चैत्रात ढेकळे फोडत बसू नका. मध्यम जमिनीला दरसाल खोल नांगरट लागत नाही. तीन वर्षांतून एकदा पुरते, एरवी कुळवाच्या पाळ्या. शेजारच्या चार जणांनी एकाच दिवशी ट्रॅक्टर बोलवा, म्हणजे रस्त्यावरचा रिकामा फेरा वाचेल. बैल विकलेत, ते परत येणार नाहीत. त्यावर अश्रू ढाळून उपयोग नाही.

आणि भांडणाचे? मे ते जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या आणि राज्याच्या कपातीने डिझेल लिटरला सुमारे १० रुपये उतरले होते. एकरी ९० रुपये. ते कुठे गेले, कुणालाच सांगता येत नाही, कारण दर एकठोक असतो. म्हणून चिठ्ठी दोन रकान्यांत लिहा. पहिला रकाना डिझेलचा: टाकी काठोकाठ भरून काम सुरू, संपल्यावर पुन्हा काठोकाठ, जेवढे बसले तेवढे जळाले. ते शेतकऱ्याने त्याच दिवशी पंपाच्या भावाने रोख भरायचे. दुसरा रकाना यंत्राच्या आणि ड्रायव्हरच्या भाड्याचा. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते, तसे हे भाडेही पाडव्याला गावाने बसून ठरवायचे. ते वर्षभर हलणार नाही, आणि उधारी राहिली तर तेवढ्याचीच राहील. भाडे ठरवताना ट्रॅक्टरवाल्याचा बँकेचा हप्ता विसरू नका; तोही शेतकऱ्याचाच पोरगा आहे.

पुढच्या बैठकीला पंपाच्या पावत्या घेऊन या. त्यांची शाई महिन्याभरात उडते. पाठीमागे पेनाने लिटर, भाव आणि तारीख लिहून ठेवा.