शाळेचें कर्तव्य आणि 'ढ' ठरलेलीं मुलें

'ढ' या अक्षराचें वळण अशोकाच्या शिलालेखांपासून आजवर फारसें बदललें नाहीं, म्हणून न सुधारणाऱ्या मुलास 'ढ' म्हणण्याची चाल पडली, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, ती चाल आमच्या शाळांतून अद्याप गेलेली नाहीं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून उधारीचा तोंडी हिशेब बिनचूक सांगणारा मुलगा वर्गांत धडा वाचावयास उभा राहिला कीं अडखळतो. 'घ' व 'ध' यांची गल्लत करतो. फळ्यावरचें वहींत उतरवितांना निम्में गाळतो. मास्तर म्हणतात आळशी, बाप म्हणतो उनाड. पुष्कळदां दोघांचेंही निदान चुकीचें असतें. डिस्लेक्सिया या नांवानें ओळखिल्या जाणाऱ्या या अडचणीचा बुद्धिमांद्याशीं संबंध नाहीं, हें आतां शास्त्रास पुरतें ठाऊक आहे.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. अशा मुलांस परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक वगैरे सवलती देण्यास महाराष्ट्रानें 1996 सालींच आरंभ केला. परंतु सवलत परीक्षेची, शिकविण्याचें काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अध्ययन-अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत केला, आणि त्याच्या 16 व्या कलमानें असा दोष शक्य तितक्या लवकर हुडकून त्यावर योग्य शैक्षणिक उपाय योजण्याचा भार अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर टाकिला. असें असतां पुष्कळ घरीं ही गोष्ट प्रथम निघते ती नववी-दहावींत, दाखल्याच्या धांवपळींत! आठ वर्षें मुलानें बोलणीं खावीं आणि शेवटीं त्याच्या हातीं वाढीव वेळ पडावा, याला उपाय म्हणवत नाहीं. मराठीसाठीं चाचणी नाहीं ही सबबही आतां उरली नाहीं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें केलेली 'डाली' ही चाचणी मराठींतही आहे.

येथें एका नव्या खुळाविषयीं सावध करणें अवश्य आहे. कांहीं मुलें डोळ्यांनीं शिकतात, कांहीं कानांनीं, कांहीं हातांनीं, सबब त्यांचे गट पाडून त्या त्या रीतीनें शिकवावें, असें सांगणारे शिक्षणतज्ज्ञ हल्लीं बरेच आहेत. अमेरिकेंतील चार मानसशास्त्रज्ञांनीं 2008 सालीं या मताची छाननी केली, तेव्हां त्यास पुरेसा आधार सांपडला नाहीं. मुलांवर 'ढ' ऐवजीं दुसरा शिक्का मारून काय साधणार? एकच धडा सर्वांस बोलून, दाखवून व हातानें करवून शिकवावा, आणि जें मूल तरीही मागें राहील त्याकडे स्वतंत्र लक्ष पुरवावें, हें त्याहून सोपें व सरळ आहे.

एकट्या शिक्षकानें हें कसें करावें, हा आक्षेप मात्र रास्त आहे. 2009 च्या कायद्यानें प्राथमिक वर्गास तीस मुलांमागें एक शिक्षक ठरविला खरा. पण त्याच कायद्यानें शिक्षकास जनगणनेस व निवडणुकीस जुंपण्याची मुभाही ठेविली. म्हणून या कामासाठीं स्वतंत्र प्रशिक्षित शिक्षक हवा, आणि त्याच्या वेतनाची तरतूद हवी. आमच्या व्यापारी वाचकांपैकीं अनेकजण शाळांच्या व्यवस्थापक मंडळांवर आहेत. इमारतीच्या वर्गणीचा हिशेब ते पै-पैचा मागतात. येत्या जूनच्या बैठकींत त्यांनीं मुख्याध्यापकांस इतकेंच विचारावें: दुसरीच्या वर्गांतील किती मुलांचें वाचन तपासलें, त्यांत किती अडलेलीं आढळलीं, आणि त्यांच्यासाठीं कोणाची नेमणूक केली?