पुनरावृत्ती : मोजण्याची की ऐकण्याची?

कवितेच्या रूपबंधावरील उत्तरांत एक वाक्य हमखास आढळते : ‘पुनरावृत्तीमुळे कवितेला लय प्राप्त झाली आहे.’ वाक्य चुकीचे नाही. ते कोणत्याही कवितेविषयी लिहिता येते, म्हणून निरुपयोगी आहे.

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावातून हा अभ्यासक्रम करणाऱ्यांजवळ याहून सकस सामग्री आहे. आगरी लग्नात धवलारीण गाते ते धवले तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवर असतील. (हा प्रकार जुना आहे, महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले.) अशा लग्नगीतांत पुष्कळदा ओळ तीच राहते, नात्याचे नाव तेवढे बदलते : आई, मावशी, आत्या. ओळ स्थिर असल्यामुळेच बदलणाऱ्या त्या एका जागेकडे मांडवाचे लक्ष लागते. म्हणजे येथे पुनरावृत्ती हे अलंकरण नव्हे. नवा शब्द उठून दिसावा यासाठी घातलेली ती चौकट आहे. रोमन याकबसन यांनी १९६० साली काव्यातील समांतरतेविषयी जे मांडले, त्याचे याहून सुबोध उदाहरण मला सुचत नाही.

आता छंद पाहा. ‘आई’ दोन अक्षरी, ‘मावशी’ तीन अक्षरी. तरीही चाल मोडत नाही, कारण गाणारी एक अक्षर लांबवते, दुसरे आवरते. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाती आणि छंद असा भेद केला, छंदात लघु-गुरूचा भेद उरत नाही, तेथे उच्चार सत्ता चालवतो. मोठ्या अभंगाचे ६-६-६-४ हे माप तुम्हांला पाठ असते. पण शेवटच्या चार अक्षरांनंतरची जागा गायनात स्वर भरून काढतो, याची नोंद उत्तरपत्रिकेत क्वचितच येते.

याला आपले मुद्रणही जबाबदार आहे, असे माझे मत आहे. ध्रुपदाची ओळ एकदा छापून पुढे ‘धृ.’ लिहिले की कागद वाचतो, पण वाचकाच्या डोळ्यांपुढून रचनेचा कणाच नाहीसा होतो. लोकगीतांच्या संग्रहांत तर ‘इत्यादी’ लिहून कडवीच्या कडवी गाळलेली असतात. कोणत्या नात्याचा मान आधी, कोणाचा नंतर, हे त्या गाळलेल्या कडव्यांतच असते.

म्हणून या घटकाच्या स्वाध्यायासाठी घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक लग्नगीत ऐका आणि एकही ओळ न गाळता, जितक्या वेळा म्हटली तितक्या वेळा, उतरवून घ्या. लांबवलेल्या अक्षराखाली रेघ ओढा. अक्षरे त्यानंतर मोजा.