बटण आणि भेंडी

घरी जेवण मागवायचं म्हणजे ॲप उघडा, ऑफरींची गर्दी बाजूला सारा, पत्ता तपासा, पैसे भरा, ओटीपी टाका. तेवढ्यात कुकर लावून झाला असता. म्हणून मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक बटण बसवलंय. ते दाबलं की कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राच्या मावशींच्या फोनवर निरोप जातो : चार पोळ्या, एक भाजी.

सामान फुटकळ. ईएसपी ८२६६ ही वायफायची चिप बसवलेला छोटा बोर्ड बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत, काहीशे रुपयांत मिळतो. शिवाय एक बटण, दोन एलईडी आणि मोबाइलचा जुना चार्जर. निरोप्याचं काम टेलिग्रामच्या बॉटकडे.

खरी मेख बटणातच असते. आपण एकदाच दाबतो, पण आतले पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि चिपला वाटतं, पाच वेळा दाबलं. चार पोळ्यांच्या वीस व्हायच्या! त्यामुळे पहिल्या स्पर्शानंतर थोडा वेळ कानाडोळा करायला चिपला प्रोग्रॅममध्येच शिकवावं लागतं.

कल्पना जुनीच. ॲमेझॉननं ‘डॅश’ बटणं जाहीर केली ३१ मार्च २०१५ला. पुष्कळांना ते एप्रिल फूल वाटलं. धुण्याची पावडर संपली, बटण दाबा, पावडर दारात. पण दाबताना भाव दिसत नसे. जानेवारी २०१९मध्ये म्युनिकच्या कोर्टानं नेमकं यावर बोट ठेवलं आणि हे जर्मन ग्राहक कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला. त्याच वर्षी ॲमेझॉननं ही बटणं विकणं बंद केलं.

पावडर निदान दर वेळी तीच असते. भाजीचं तसं नाही. ‘मेथी संपली, भेंडी देऊ का?’ या प्रश्नाला बटण काय उत्तर देणार? म्हणून ते दोन दिवे. मावशींनी ‘हो’ पाठवलं की हिरवा लागतो. ‘नाही’ म्हटलं की लाल, आणि मग मी मुकाट्यानं फोन लावतो. आठवड्यातून दोनतीनदा लालच लागतो.

मावशींना बटणाचं कौतुक आहे, पण मत फोनच्याच बाजूनं. म्हणाल्या, “बटणाकडे मागची बाकी मागता येत नाही हो, दादा.”