खुर्ची सोडून गेलेले पाच

जुन्या मुंबई कायदेकौन्सिलाचा विषय निघाला की आमच्या वरणगावात दोन मतं हमखास ऐकू येतात. एक : ते सभासद म्हणजे साहेबाच्या दरबारातले शोभेचे लोक, तापीकाठच्या कापूसवाल्याला त्यांचा काय उपयोग? दुसरं : काही म्हणा, निवडणूक आपल्याला इंग्रजांनीच शिकवली. मला दोन्ही अमान्य आहेत, दुसरं तर जास्तच.

१८६१ च्या कायद्यात मुंबईच्या कौन्सिलाला जादा सभासद फार तर आठ, तेही सारे गव्हर्नरानं नेमलेले. १८८५ च्या डिसेंबरात काँग्रेस मुंबईत पहिल्यांदा भरली आणि तिनं निवडलेले सभासद, अंदाजपत्रकावर चर्चा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क मागितला. त्यानंतर सात वर्षांनी, १८९२ ला, नवा कायदा आला. सभासद विसापर्यंत वाढले, पण 'निवडणूक' हा शब्द कायद्यात घातला नाही. संस्थांनी नाव सुचवायचं, नेमणूक सरकारनं करायची. जे तो शब्द लिहायलाही कचरले, त्यांना तो शिकवल्याचं श्रेय मी देणार नाही.

आता पहिलं मत. त्यात तथ्य आहे. तेव्हा आमचा खानदेश एकच जिल्हा होता, कचेरी धुळ्याला. नाशिक, नगर, पुणे, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर तो मध्य भागात मोडे, आणि या साऱ्या मुलखाच्या लोकल बोर्डांची कौन्सिलात एक जागा. मत बोर्डाच्या सभासदांना. गावच्या साध्या कुणब्याला नाहीच. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. सरकारी बाजूचं बहुमत आधीच ठरलेलं. हे सगळं कबूल. पण एवढ्यावरून ते निरुपयोगी होते असं कसं ठरतं?

१८९५ ला याच जागेवर टिळक निवडून गेले. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, आणि टिळकांच्या पक्षाकडे आलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव फिरून साऱ्यातल्या सूट-तहकुबीचे नियम रयतेला समजावू लागली. १८९७ त सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली आणि कौन्सिलाचे सभासद असलेल्या टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. खटला 'केसरी'तल्या मजकुरावरून होता, कौन्सिलातल्या भाषणावरून नव्हे, हे खरं. पण असा माणूस बोर्डांनी निवडून पाठवला होता, आणि शोभेसाठी नक्कीच नव्हे.

खरा पुरावा १९०१ चा. शतक सरलं होतं, कौन्सिल मात्र १८९२ च्याच कायद्याचं. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर सारा थकला. थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन रयतेला परत देताना विकण्याचा, गहाण ठेवण्याचा हक्क काढून घेता यावा, अशी दुरुस्ती सरकारनं जमीन महसूल कायद्यात आणली. कारण सांगितलं, सावकारापासून रयतेचा बचाव. कारण हलकं नव्हतं. सावकाराच्या वहीत गेलेली शेतं आमच्या मुलखानं पाहिली आहेत. पण कौन्सिलातल्या लोकांच्या बाजूच्या सभासदांचा आक्षेप होता की जमिनीवरचा हक्क गेला की पतही गेली. मग बियाण्याला पैसा कोण देणार? आणि साऱ्याचा हप्ता तर ठरल्या दिवशी भरायचाच. सावकाराकडे जायला लावणारी ही तारीख सरकारचीच होती, तिला मात्र हात लावायचा नाही! बचाव करायचाच तर आधी सारा हलका करायला हवा होता.

फिरोजशहा मेहतांनी एवढंच मागितलं की बिल लांबणीवर टाका, लोकांची मतं मागवा. तेही फेटाळलं गेलं. तेव्हा मेहता, गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे आणि गोकुळदास पारेख उठून बाहेर पडले. बिल मंजूर झालं. ते व्हायचंच होतं. मात्र रयतेच्या नावानं केलेल्या त्या कायद्याला रयतेच्या बाजूची संमती होती, असं म्हणायची सोय उरली नाही. हरणार हे ठाऊक असून हे करणं मला मोठं वाटतं.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी मध्य भागाच्या जागेवर बसत होते. म्हणजे त्या दिवशी रिकाम्या झालेल्या पाच खुर्च्यांपैकी एक वरणगावचीही होती.