आजारपणाचा हिशेब

अर्थसंकल्पाचे दिवस आले की विधानसभेत आरोग्य खात्याच्या मागण्यांवर चर्चा होते, आणि ती बहुधा ठरलेल्या वळणाने जाते. सत्ताधारी बाकांवरून नव्या खाटांची, नव्या यंत्रांची आणि वाढीव तरतुदीची यादी वाचली जाते. विरोधी बाकांवरून रिक्त जागांची, नादुरुस्त यंत्रांची आणि बाहेरून विकत आणाव्या लागणाऱ्या औषधांची. दोन्ही याद्या आपापल्या परीने खऱ्या असतात. परंतु खर्च झालेल्या रुपयाने नेमके कोणाचे किती दुखणे दूर केले, आणि सरकारने खर्च करूनही रुग्णाच्या घरातून किती पैसा गेला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कोणी विचारलाच, तर त्याचे उत्तर देणारा माणूस सरकारच्या पदरी नसतो. कारण असा माणूस घडविण्याची तजवीज आपल्या विद्यापीठांनी पुरेशी केलेली नाही. ज्या विद्याशाखेचे हे काम, तिला आरोग्याचे अर्थशास्त्र म्हणतात. तिच्याविषयी लिहिताना आम्ही आफ्रिका खंडाकडे बोट दाखविणार आहोत, याचे वाचकांस नवल वाटू नये.

नाव जड असले तरी विषय घरातला आहे. ग्वाल्हेरला शिंदेशाहीपासून स्थायिक झालेले मराठी कुटुंब आणि मांडवीकाठचे कुटुंब यांची बोली निराळी, हवा निराळी, ताटातले जिन्नस निराळे; आजारपणाची वजाबाकी मात्र दोन्ही घरी सारखीच. ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातील एखादा निवृत्त कारकून कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. शहरात १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. गृहस्थ सत्तरीचे असतील, तर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे कवचही त्यांना लाभले आहे. उद्या हृदयविकाराने रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची हमी आहे. परंतु तो झटका येऊ नये म्हणून रक्तदाबाची आणि मधुमेहाची जी गोळी त्यांनी रोज घ्यावयाची, तिच्यापायी ही योजना पैसा देत नाही. कारण गोळी घेणारा माणूस रुग्णालयात दाखल झालेला नसतो. पेन्शनीच्या पैशांतून महिन्याकाठी औषधांचे पैसे बाजूला काढता काढता एखाद्या महिन्यात एक दिवसाआड गोळी घेण्याची युक्ती सुचते, आणि पुढे झटका आला की सरकार लाखाचे बिल भरण्यास तयार असते. गोळीच्या वेळी हात आखडता आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सैल, असा हा व्यवहार शहाणपणाचा की खुळेपणाचा, हे आकड्यांनिशी सांगणे म्हणजेच आरोग्याचे अर्थशास्त्र.

देशाचा एकूण हिशेबही फार वेगळे सांगत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार लोक थेट स्वतःच्या खिशातून सोशीत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे, जरी ती मोजण्याच्या पद्धतीबद्दल अर्थतज्ज्ञांत एकवाक्यता नाही. घट मानली तरी शंभरांतील चाळीस रुपये रुग्णाच्या खिशातूनच जातात, आणि त्यांतला मोठा वाटा औषधांचा असतो. सरकारी खर्च त्याच वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते, याचे स्मरण दिल्लीकरांस करून देणे आवश्यक वाटते.

अशी मोजदाद मराठी मुलखाला नवी नव्हे. पुण्यात १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी तेथे प्रत्यक्ष पाहणीचे अर्थशास्त्र रुजविले. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, गावातल्या घरात बसून आकडे गोळा करावयाचे, आणि मगच सिद्धान्ताची भाषा बोलावयाची, ही ती शिस्त. आरोग्याच्या क्षेत्रात ती नेण्याचे श्रेय मात्र मुख्यतः स्वयंसेवी संस्थांकडे जाते. प्लास्टिक सर्जन म्हणून नावलौकिक मिळविलेले डॉ. नोशिर अंटिया यांनी १९७५ साली मुंबईत सामुदायिक आरोग्याच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापिले. अलिबाग तालुक्यातील मांडव्यास त्यांनी गावच्या स्त्रियांच्या हाती प्राथमिक उपचार सोपवून पाहिले. त्याच प्रतिष्ठानाने १९८७ साली जळगाव जिल्ह्यात घरोघर जाऊन कुटुंबे आजारपणावर काय खर्च करतात याची पाहणी केली. सरकार आरोग्यावर जेवढे खर्च करीत होते, त्याहून कितीतरी अधिक खर्च लोक स्वतःच करीत होते, हे तिच्यातून उघड झाले. तोवर आरोग्याचा खर्च म्हणजे सरकारी खात्याचा खर्च, असेच नियोजनकार धरून चालत. जळगावच्या घरांनी तो समज खोटा ठरविला. एवढे मोलाचे काम विद्यापीठांच्या बाहेर झाले, ही गोष्ट विद्यापीठांना भूषणावह खासच नाही.

आता आफ्रिकेकडे वळू. गोमंतकीयांस तो खंड परका नाही. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचे पदवीधर मोझांबिक आणि अंगोला येथील पोर्तुगीज वसाहतींत नोकरीसाठी जात. त्या विद्यालयाचे कामच काही अंशी आफ्रिकेला वैद्य पुरविण्याचे होते. इंग्रजांच्या नैरोबीतही मूळचे गोमंतकीय डॉ. रोझेंडो आयरिश रिबेरो विसाव्या शतकाच्या आरंभी झेब्र्यावर बसून रुग्णांच्या घरी जात, ही हकीकत आफ्रिकेतून परतलेल्या जुन्या मंडळींच्या तोंडून अनेकांनी ऐकली असेल. त्या काळी विद्या इकडून तिकडे जात होती. आज ती तिकडून इकडे आणण्याजोगी आहे.

असे म्हणण्यास कारण आहे. १९८० च्या दशकात आफ्रिकेतील बहुतेक देश कर्जात बुडालेले होते. १९८७ साली जागतिक बँकेने विकसनशील देशांतील आरोग्यसेवेच्या खर्चासंबंधी एक धोरणपत्रिका काढली आणि सरकारी दवाखान्यांनी रुग्णांकडून शुल्क घ्यावे, असा आग्रह धरला. सल्लागार परदेशातून येत, आकडेमोड परदेशात होई, आणि मंत्र्यांपुढे तयार निष्कर्ष ठेवला जाई. त्याची उलटतपासणी करू शकेल असा घरचा माणूस मंत्रालयात नव्हता. आपला हिशेब दुसऱ्याने मांडला की शिल्लकही त्याच्याच मनासारखी निघते, हा अनुभव ज्या देशांनी घेतला, त्यांना आपली माणसे आपणच तयार करण्याची निकड भासली. केपटाऊन विद्यापीठात १९९० साली आरोग्य अर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि पुढे आफ्रिकेतील अनेक देशांचे विद्यार्थी तेथे या विषयाची पदव्युत्तर पदवी घेऊ लागले. नायजेरियात एनुगु येथील विद्यापीठात संशोधकांचा गट उभा राहिला. २००९ साली घानाची राजधानी आक्रा येथे आफ्रिकेच्या आरोग्य अर्थतज्ज्ञांच्या संघटनेची पहिली परिषद भरली.

या विद्येने काय साधले, याचे एकच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्यालाही झोंबणारे आहे. युगांडाने २००१ साली सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. लोकप्रिय निर्णय होता, आणि योग्यही होता. गरिबांची दवाखान्यांतील गर्दी वाढली. कोणत्याही सरकारने एवढ्यावर विजयाचा डंका पिटला असता. परंतु संशोधकांनी शुल्कमाफीपूर्वीच्या आणि नंतरच्या कौटुंबिक पाहण्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसले की, आजारपणाच्या खर्चाने कंबरडे मोडलेल्या अतिगरीब कुटुंबांचे प्रमाण घटलेले नव्हते. गर्दी वाढली तशी दवाखान्यातील औषधे लवकर संपू लागली, आणि रुग्णाला ती दुकानातून घ्यावी लागली, हे त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी पुढे मांडले. खिडकीवरचा पैसा वाचला, तो औषधवाल्याच्या गल्ल्यात गेला.

युगांडाची ही गोष्ट वाचताना आपल्याकडील 'बाहेरच्या चिठ्ठी'ची आठवण कोणास होणार नाही? केसपेपर नाममात्र दरात, तपासणी मोफत, खाट मोफत. आणि मग नातेवाईकाच्या हाती एक चिठ्ठी येते. तिच्यावर लिहिलेले औषध रुग्णालयात नसते, रुग्णालयाच्या फाटकासमोरील दुकानात असते. मोफत सेवेच्या सरकारी आकडेवारीत त्या चिठ्ठीला जागा नाही. तिला जागा मिळवून देणारा अभ्यासक युगांडाला लाभला. आपल्याला किती लाभले?

आफ्रिकेत सारे आलबेल आहे, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. २००१ साली अबुजा येथे आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याची शपथ घेतली. ती पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. दक्षिण आफ्रिकेत आरोग्यावरील एकूण पैशांपैकी जवळजवळ निम्मा पैसा खाजगी विमा असलेल्या, सुमारे १६ टक्के लोकांवर खर्च होतो, हे तेथील विद्यापीठांनी वर्षानुवर्षे सप्रमाण सांगितले तरी ती विषमता हटलेली नाही. संशोधनाचा पैसाही पुष्कळ अंशी परदेशी देणगीदारांचाच. तरीसुद्धा तेथील मंत्र्याला आज 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही. आपल्याकडे ही सबब अजून चालते.

गोव्यात तर या विद्येचा एक उत्तम धडा आपल्या दारातच घडला, आणि त्यातही आफ्रिकेचा धागा आहे. डॉ. विक्रम पटेल यांनी झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे मानसिक आजारांवर काम केले आणि त्यानंतर १९९६ साली गोव्यात सहकाऱ्यांसह 'संगाथ' ही संस्था स्थापिली. या संस्थेने गोव्यातील २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला. निम्मे दवाखाने सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्रे, निम्मे खाजगी डॉक्टरांचे. खिन्नता आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञ पुरवावेत, तर तेवढे तज्ज्ञ आणावयाचे कोठून? म्हणून साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे शिक्षण दिले. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा निश्चित गुण आला, असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. त्याहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो २०१२ सालचा आर्थिक हिशेब. त्यात समुपदेशकाचा पगार तर धरलाच, शिवाय रुग्णाचा नि त्याच्या घरच्यांचा बुडालेला वेळही रुपयांत मांडला. आणि सरकारी केंद्रांत हा उपचार गुणकारी असून एकंदरीत स्वस्तही पडतो, असे दाखवून दिले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही, हेही प्रांजळपणे नोंदविले. असा हिशेब हाती असेल तर अर्थमंत्र्याकडे पैसा मागणाऱ्या आरोग्यमंत्र्याला हात जोडावे लागत नाहीत. मात्र हे काम परदेशी निधीवर आणि लंडनच्या विद्यालयाच्या सहकार्याने झाले. गोवा विद्यापीठ १९८५ पासून ताळगावच्या पठारावर उभे आहे. तेथून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय काही किलोमीटरच्या अंतरावर. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ते अंतर ओलांडावे, किंवा रुग्णालयाच्या अधीक्षकाने उलट दिशेने ओलांडावे, असा रिवाज मात्र पडलेला नाही.

न पडलेल्या या रिवाजाची किंमत आपण २०१८ साली मोजली. त्या वर्षाच्या आरंभापासून गोमेकॉत परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास प्रारंभ झाला. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या भागांतील माणसाला बांबोळी हेच आपले मोठे रुग्णालय. तेथील लोक संतापले, आंदोलने झाली, दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांच्या बैठका झाल्या. वाद रंगला तो रुग्णांच्या संख्येवर. गोव्याच्या करदात्याने शेजाऱ्याचा भार का वाहावा, हा प्रश्न अन्याय्य नव्हता. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार, त्यांना खाटेवर झोपण्यापूर्वी पैसे मोजावयास लावणे प्रशस्त नाही, हेही खरेच होते. परंतु या दोन भावनांच्या मध्ये जो हिशेब यावयास हवा होता तो आलाच नाही. दोडामार्गच्या एका रुग्णामागे खरा वाढीव खर्च किती? डॉक्टर, खाट, यंत्र हा खर्च तर तो आला नसता तरी होणारच होता. विविध रुग्ण पाहावयास मिळाल्याने गोव्याच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात जी भर पडते, ती कोणत्या रकान्यात मांडावयाची? शुल्काच्या धाकाने जो उशिरा आला, त्याच्या बळावलेल्या दुखण्याचा खर्च कोणी सोसला? सिंधुदुर्गात २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याने बांबोळीचा भार किती हलका केला? हे प्रश्न मोजता येण्याजोगे आहेत, आणि मोजणारा पदरी असता तर मंत्र्यांच्या बैठकांत आवाज थोडे कमी चढले असते.

गोव्याला यासाठी केपटाऊनसारखा भव्य विभाग उभारण्याची गरज नाही. विद्यापीठाने आणि गोमेकॉने मिळून दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम काढावा, निम्मे विद्यार्थी अर्थशास्त्राचे आणि निम्मे वैद्यकाचे घ्यावेत, आणि प्रत्येकाला एका आरोग्यकेंद्राचा वर्षभराचा जमाखर्च रुग्णाच्या घरापासून मांडावयास लावावे. वाळपई, पेडणे, काणकोण यांपैकी कोठूनही आरंभ करता येईल. अभ्यासाचे साहित्यही तयार आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबास ४ लाखांचे संरक्षण तिने देऊ केले. कोणता उपचार, कोणत्या रुग्णालयात, किती रुपयांस, याची नोंद प्रत्येक बिलागणिक होत असणार. रुग्णांची नावे वगळून ती सारी नोंद सरकारने विद्यापीठाच्या स्वाधीन करावी. त्यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको, अर्थसंकल्पात नवी तरतूदही नको. आरोग्य सचिवांची एका पत्रावर सही तेवढी हवी.